गॅस चालू होता तोवर

रुग्णालयात तिला सगळे ताईच म्हणायचे. वॉर्डातल्या नर्सेस, औषधांच्या खिडकीवरचा माणूस, इतकंच काय, तिच्याहून वयाने थोराड असलेला सर्जनसुद्धा. खरं तर ती एकाचीच, धाकट्या भावाची ताई होती. पण तो एकटा काही कामाने आला की जिन्यापासूनच "ताई! ए ताई!" करत सुटायचा, आणि ते नाव तिला तिथेच चिकटलं. पेशंट मात्र तिला भूलवाल्या मॅडम म्हणत. ऑपरेशनच्या आधी माणसाला झोपवायचं, ऑपरेशनभर सांभाळायचं आणि शेवटी धडपणे जागं करायचं, हे तिचं काम. ते ती पंचवीसेक वर्षं मान खाली घालून करत आली होती.

तिचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची बायको शाळेत खालच्या वर्गांना शिकवायची, म्हणून घरात तिचं नाव मास्तरीण. बोलायला चटपटीत आणि जिभेला हाड नसलेली. सासूला हसवायची, नवऱ्याला धाकात ठेवायची. तिचे दोन गर्भ अगदी सुरुवातीच्या महिन्यांतच गेले होते. त्या काळात तिने घरात एक शब्दही काढला नव्हता, आणि तेच सगळ्यांना जास्त जड गेलं होतं. या तिसऱ्या खेपेला पाच महिने सुखरूप पार पडले, तेव्हा कुठे घरात मोकळेपणाने बोलणं सुरू झालं. भावाने तर पाळण्याला लावायला छोटीशी मोटर शोधून ठेवली होती. "हात दुखायला नकोत," म्हणाला. मास्तरीण म्हणाली, "बाळ मध्येच अडकलं तर खालच्या मजल्यावर उतरवून घेऊ."

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. दुखत होतं ते वर, उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली. घराजवळच्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी जरा बरं वाटलं, पुन्हा दुखलं, पुन्हा बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंथरुणातून उठेचना. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि पोटाला नुसतं बोट लावलं तरी ओरडायची. भावाने तिला उचलून गाडीत घातलं आणि थेट ताईच्या रुग्णालयात आणलं.

सर्जनने तपासलं, सोनोग्राफी केली आणि ताईला बाजूला घेतलं.

"अपेंडिक्स आहे. गर्भाची पिशवी वाढली की ते वर ढकललं जातं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. फुटलेलं दिसतंय. पोट उघडावं लागेल, आणि आत्ताच."

"मी नको," ताई म्हणाली. "माझी भावजय आहे ती."

"मग कोण? तुमच्या जोडीचा भूलवाला लेकीकडे गेलाय, समुद्रापलीकडे. मोठ्या रुग्णालयात पाठवायची तर जाण्यातच दिवस मोडेल, आणि तिच्याकडे तेवढा दिवस नाही."

ते ताईलाही दिसत होतं. नाडी पळत होती, जीभ कोरडी पडली होती. ती भावाकडे गेली. तो भिंतीला टेकून उभा होता. कामावरचेच कपडे, कोपरापर्यंत ग्रीस.

"ताई, एवढी मोठी भूल. बाळाला काही होणार नाही ना?"

"भुलीची भीती नाही रे. आपण जो गॅस देतो ना, त्याने आईबरोबर तिची पिशवीसुद्धा सैलावते. कळा येत नाहीत. भीती आहे ती पोटातल्या पुवाची. त्याने पिशवी चिडते."

तिने सांगितलं त्यात खोटं काहीच नव्हतं. पण घाबरलेला माणूस ऐकलेल्यातलं आपल्याला हवं तेवढंच उचलतो. भावाने मान हलवली आणि तेवढं एक धरून ठेवलं, की गॅसने कळा येत नाहीत.

टेबलावर घेतलं तेव्हा मास्तरीण थरथरत होती, तरी तोंड चालूच होतं.

"ताई, मला उलटे आकडे म्हणायला लावणार का? पोरांना मी रोज तीच शिक्षा करते."

"काही म्हणू नकोस. डोळे मीट."

"जागं कराल ना पण? नाहीतर मस्टरवर गैरहजेरी लागेल."

"करते हो," ताई म्हणाली, आणि शिरेतून औषध सोडलं. मास्तरणीचा हात तिच्या हातात होता, तो सैल पडला. ताईने घशातून नळी घातली, यंत्राला जोडली आणि गॅसची चकती फिरवली. बाळाचा आणि त्याच्या पाण्याचा भार कण्याजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडू नये म्हणून उजव्या कुशीखाली उशी सरकवली. हात सवयीने चालत होते. हात चालत होते तोवर बरं होतं.

पोट उघडलं तसा वास आला. सर्जन पू काढत राहिला, धूत राहिला. त्याच्या शेजारी प्रसूतीच्या डॉक्टर उभ्या होत्या. साऱ्या गावात त्यांना मोठ्या बाई म्हणत. अर्ध्या गावाचा जन्म त्यांच्या हातून झालेला. त्यांनी हातमोजा घातलेला तळवा गर्भपिशवीवर अलगद ठेवला होता.

"कशी आहे?" ताईने विचारलं.

"मऊ. अगदी लोण्यासारखी."

ताईने श्वास सोडला. आयुष्यभर तिने या मऊपणाचा धसका घेतला होता. पोट उघडून बाळ काढताना हाच गॅस जरा जास्त झाला, तर बाळ निघाल्यावर पिशवी आवळत नाही, पोत्यासारखी पडून राहते, आणि रक्ताची धार थांबता थांबत नाही. म्हणून बाळ बाहेर आलं की चकती पटकन खाली आणायची, हे तिच्या बोटांत मुरलं होतं. आज पहिल्यांदाच ती पिशवी मऊ राहू दे म्हणून मनातल्या मनात विनवण्या करत होती. जितका गॅस जास्त, तितकी पिशवी सैल. हिशेब एवढा सरळ होता, आणि नेमकं त्यातच सगळं अडलं होतं. कारण गॅस वाढवला की आईचा रक्तदाब उतरतो, आणि आईचा रक्तदाब उतरला की बाळाचा रक्ताचा वाटा तुटतो. आधीच तापाने दाब खाली आला होता. ताई एका हाताने औषध देऊन दाब उचलत होती आणि दुसऱ्या हाताने चकती सांभाळत होती.

सर्जनने टाके घातले, पट्टी लावली, हातमोजे उतरवले. "झालं. जागं करा," म्हणाला आणि तोंड धुवायला गेला.

ताईची बोटं चकतीवर होती. ती हललीच नाहीत.

नर्सने एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. गॅस चालू ठेवण्याचं आता काहीही कारण नव्हतं. मास्तरीण शांत पडली होती, चेहरा उतरलेला पण निवांत, आणि मोठ्या बाईंच्या हाताखाली पिशवी मऊ होती. ताईला वाटलं, असंच राहू दे. थोडा वेळ. पोटातली आग विझेपर्यंत, औषधं लागू पडेपर्यंत.

"ताई," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. "सोड आता. दाब बघ तिचा."

दाब पुन्हा उतरला होता. ताईने चकती शून्यावर आणली.

मास्तरीण जागी होऊ लागली. पापण्या हलल्या, खोकली, ताईने नळी काढली. मोठ्या बाईंचा तळवा पोटाच्या वरच्या बाजूला, पट्टीपासून दूर टेकलेला होता. ताई त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. बराच वेळ तिथे काही नव्हतं. मग कपाळावर एक आठी आली.

"घट्ट होतेय," त्या म्हणाल्या.

कळा थांबवायची जी जी औषधं हाताशी होती, ती सगळी दिली. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं. मोठ्या रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. ते भले गृहस्थ होते, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इतक्या लहान बाळासाठी आमच्याकडेसुद्धा फारसं काही नाही हो. आणि अशा अवस्थेत आई वाटेत तुमच्या हातची जाईल." संध्याकाळपर्यंत कळा अधूनमधून येत होत्या. मध्येच इतका खंड पडला की आईने, म्हणजे ताईच्या आईने, डोळे मिटून हात जोडले. मग पुन्हा सुरू झाल्या. मोठ्या बाईंनी तपासलं आणि ताईला नुसती मान हलवून सांगितलं. पिशवीचं तोंड उघडायला लागलं होतं.

भाऊ बाहेरच्या बाकावर होता. ताई शेजारी जाऊन बसली. काय सांगायचं ते तिने वाटेत जुळवून आणलं होतं, पण त्याने बोलूच दिलं नाही.

"ऑपरेशन चालू होतं तेव्हा कळा होत्या?"

"नव्हत्या."

"अजिबात?"

"अजिबात नव्हत्या."

"मग गॅस परत लाव."

ताईने नकारार्थी मान हलवली.

"तूच म्हणालीस ना, गॅसने पिशवी सैल राहते? चालू होता तोवर राहिली. बंद केलास आणि बिघडलं. मग परत चालू कर. एवढं साधं आहे!"

"किती वेळ लावू?"

"लागेल तितका. दोन दिवस, चार दिवस. तिला झोपू दे. बाळ जरा मोठं होऊ दे."

"अरे, चार दिवसांत काय मोठं होणार? त्याला महिने लागतात. कळा थांबतील एवढा गॅस चालू ठेवला तर तिचा रक्तदाब बसेल. दाब बसला की बाळाला रक्त पुरणार नाही. तू ज्याच्यासाठी म्हणतोयस, ते आधी आतच जाईल. मग ती."

"कमी द्यायचा मग."

"कमी दिला तर कळा थांबत नाहीत."

तो तिच्याकडे बघत राहिला. आयुष्यभर बंद पडलेली यंत्रं चालू केलेला माणूस. कुठे तरी एखादी तार असेल, एखादं बटण असेल जे बहिणीला सुचत नाहीये, असं त्याच्या तोंडावर लख्ख लिहिलेलं होतं. ताईला त्याच्या हाताला हात लावायचा होता. त्याने हात काढून घेतला.

"तुझ्या हातात होतं," तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मास्तरणीने तेच मागितलं, पण वेगळ्या तऱ्हेने. कळ ओसरल्यावर तिने ताईचा ॲप्रन धरला.

"ताई, मला झोप लागली होती तेव्हा बाळ गप्प होतं का?"

"हो गं."

"मग मला झोपवा ना. मी काही त्रास देणार नाही. नंतर कधीही उठवा."

रोज चाळीस पोरांना गप्प करणारी ही बाई पोरासारखी विनवत होती. ताईने तिच्या कपाळावरचा घाम पुसला. "दुखायचं कमी करते मी," म्हणाली. तेवढंच करता येण्यासारखं होतं. ते तिने केलं.

रात्र तशीच गेली. दुसऱ्या दिवशी, खिडकीतून चांगलं ऊन आत आलेलं असताना, बाळ झालं. मुलगी होती. मोठ्या बाईंच्या एका ओंजळीत मावली. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या. तिने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. छाती मात्र हलत होती. मोठ्या बाईंनी ताईकडे पाहिलं. ताईच्या शेजारी ट्रेमध्ये सगळ्यांत लहान नळी होती, आणि ती नळीसुद्धा त्या गळ्याला मोठी होती.

"आईकडे द्या," ताई म्हणाली.

मऊ कापडात गुंडाळून तिला मास्तरणीच्या छातीवर ठेवली. भावाला आत बोलावलं. तो आला आणि टेबलाच्या पायाशीच थांबला. मग एकदम पुढे होऊन त्याने आपलं एक बोट त्या कापडात घातलं.  मास्तरीण लेकीच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. शाळेत नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगतात तसलं काहीतरी. ही तुझी जागा, हे दप्तर इथे ठेव, कुणी मारत नाही इथे. छाती हलायची कधी थांबली ते ताईला कळलं. तिने लगेच सांगितलं नाही.

पण तेवढ्यावर सुटका नव्हती. नाळेमागची वार बाहेर आली नाही. मोठ्या बाईंनी वाट पाहिली, नाळ हलकेच ओढून पाहिली, तोवर खाली टेबलावर रक्त साचायला लागलं. त्यांनी हात आत घालून पाहिला आणि काढून घेतला.

"वारेभोवती पिशवी आवळून बसलीय. हात जात नाही. ताई, सैल करून दे."

ताईला आधी ऐकूच आलं नाही.

"ताई! गॅस दे. सैल कर पिशवी. फार वेळ नको."

भावाला बाहेर काढलं. मास्तरणीच्या हातातून ते कापड नर्सने घेतलं. ताईने पुन्हा शिरेतून औषध सोडलं, पुन्हा नळी घातली, रक्ताची बाटली लावली आणि चकती वर फिरवली. दाब कोसळत होता, त्याला ती औषधाने ढकलून धरत होती. थोड्याच वेळात मोठ्या बाई म्हणाल्या, "हं. सैल झाली. जातोय हात."

काल दिवसभर जिच्यासाठी सगळ्यांनी ताईच्या पायाशी नाक घासलं, ती सैल पिशवी आता मिळाली होती. मागितल्याबरोबर मिळाली. ताई चकतीकडे बघत उभी राहिली. डोळे भरून आले तर यंत्रावरचे आकडे दिसणार नाहीत, म्हणून तिने ते भरू दिले नाहीत.

"निघाली वार. बंद कर!"

तिने गॅस शून्यावर नेला, नुसता प्राणवायू जोरात सोडला, पिशवी आवळायची औषधं एकामागून एक दिली. आता पिशवी घट्ट व्हायला हवी होती. ती होत नव्हती. मोठ्या बाई दोन्ही हातांनी चोळत होत्या आणि रक्त येत होतं. तापाने शिणलेली, गॅसने ढिली पडलेली पिशवी कुणाचंच ऐकत नव्हती. आतला गॅस काढायचा एकच रस्ता होता, मास्तरणीच्या श्वासांतून. ताई हाताने फुगा दाबून तिचा एकेक श्वास आत घालत होती, बाहेर काढत होती. "ये," तिच्या तोंडून निघालं. "ये गं बाई. आता ये." ती कळेला बोलावत होती.

"आवळतेय," मोठ्या बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "आता लागतोय हाताला. गोळा झालाय." आणि त्या स्टुलावर बसल्या.

मास्तरीण वाचली. ताप उतरायला बरेच दिवस लागले, पण उतरला. भाऊ रोज यायचा, डबा आणायचा, बायकोचे पाय चेपायचा. ताई खोलीत आली की उठून पाणी आणायला जायचा. पाण्याचा जग भरलेलाच असायचा.

आईने एकदा जिन्यात ताईला धरलं. "लोक विचारतात गं. भुलीनेच गेलं का म्हणून."

"तू काय सांगतेस?"

"मी काय सांगणार? मला काय कळतंय त्यातलं?" आणि मग, जरा थांबून, "तसं नाही ना पण?"

ताईने सांगितलं, पुवामुळे झालं असावं. 'असावं' म्हणाली, कारण छातीठोकपणे सांगण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं. पू होता, ताप होता, उतरलेला दाब होता. गॅस बंद झाला आणि कळा आल्या, हेही खरं होतं. गॅसने कळा आणल्या नव्हत्या, नुसत्या थोपवून धरल्या होत्या. पण जिन्यात उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या बाईला हा फरक कुठल्या तोंडाने समजावायचा? आईने मान डोलावली, आणि पदर सावरत वर गेली.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी ताई वॉर्डात गेली तेव्हा मास्तरीण उठून बसली होती. केस विंचरलेले, चेहरा बारीक झालेला. भाऊ औषधं आणायला खाली गेला होता.

"बसा ना ताई. सारख्या उभ्याच असता."

ताई बसली. मास्तरीण बराच वेळ चादरीची घडी उलगडत आणि पुन्हा घालत होती.

"तुम्हाला एक विचारायचंय. यांच्यासमोर नको होतं."

"विचार."

"ऑपरेशन चाललं होतं तेव्हा तिला काही कळलं असेल का? आत? तो चाकू, ते सगळं?"

"नाही," ताई म्हणाली. हे तिला नक्की माहीत होतं. "तुझ्या रक्तातून गॅस तिच्यापर्यंत जातो. तू झोपलीस तशी तीही झोपली होती."

"दोघी झोपलो होतो."

"हो."

मास्तरणीने मान हलवली. चादर पुन्हा उलगडली.

"आणि नंतर? माझ्याजवळ होती तेव्हा?"

ताईने तोंड उघडलं. तेव्हा गॅस नव्हता. तेव्हा ती पूर्ण जागी होती, जेवढं जागं तिला होता येत होतं तेवढी. तिला थंडी वाजली का, श्वास घेताना दुखलं का, कानाशी चाललेलं ते शाळेतलं बोलणं ऐकू गेलं का, पंचवीस वर्षांत ताईने शिकलेल्या कशातच याचं उत्तर नव्हतं.

"मला नाही माहीत गं," ती म्हणाली.

मास्तरणीने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग ती एका बाजूला सरकली, उशी ओढून घेतली आणि पलंगावर जागा करून दिली. ताई चपला काढून तिच्या शेजारी पाय वर घेऊन बसली. बाहेर वॉर्डात कुणीतरी नर्सला हाक मारत होतं. भाऊ औषधांची पिशवी घेऊन दारात आला, दोघींना पाहून थबकला, आणि पाणी आणायला न जाता खुर्ची ओढून बसला.